जड फाईलचा जमाखर्च

जून-जुलैच्या सुमारास लातूरच्या उद्योग भवन परिसरातून, म्हणजे शिकवणीवर्गांच्या त्या सुप्रसिद्ध वस्तीतून, जो कोणी मान वर करून चालेल त्याला आकाशाहून गुणवंतांचे चेहरेच अधिक दिसतील. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा निकाल लागलेला असतो, आणि ‘लातूर पॅटर्न’ची कीर्ती पुन्हा एकवार सिद्ध करणारे शंभर-शंभर विद्यार्थी, प्रत्येकाच्या पायाशी त्याचे गुण आणि सर्वांच्या माथ्यावर वर्गचालकांची प्रसन्न मुद्रा, अशा थाटाने फ्लेक्सच्या फलकांवर रांगेने उभे असतात. मात्र ज्या अरुंद दुकानात तो फलक तयार होतो तेथे आदल्या रात्री दुसरीच एक परीक्षा होऊन गेलेली असते. एक चेहरा बोटभर डावीकडे सरकवला की पडद्यावर चक्र फिरू लागते, खिडकीच्या माथ्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ ही अक्षरे उमटतात, ग्राहक स्टुलावर बसून घड्याळ पाहतो, आणि दुकानदार ‘फाईल जड झाली आहे’ एवढे निदान सांगून चहा मागवतो.

हे निदान खोटे नाही. परंतु जड म्हणजे किती जड, तो भार कोणत्या कलमाखाली चढला आणि त्यातला कोणता भाग ग्राहकाच्या कामासाठी आवश्यक होता, हा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. यंत्र जुने झाले असे म्हणून नवे यंत्र घेण्याची तजवीज होते, आणि सहा महिन्यांनी तेही तसेच हाशहुश करू लागते. वस्तुतः संगणकाचा मंदपणा हा दैवयोग नसून केवळ अंकगणित आहे, आणि ज्या प्रणालीच्या वह्या सर्वांना खुल्या आहेत, अशा मुक्तस्रोत चित्रप्रणालीच्या बाबतीत तर हे अंकगणित पार मुळापर्यंत तपासून पाहता येते.

नांदेड-लातूरच्या डीटीपीच्या धंद्यात अद्याप ‘कोरल’ या विकतच्या प्रणालीचे राज्य आहे, ते परवाना घेऊन चालते की परवान्यावाचून, हा विषय काढला की संभाषण बहुधा पावसापाण्याकडे वळते. तथापि महाविद्यालयांतून आणि काही दुकानांतूनही मुक्तस्रोत प्रणाली रुळू लागल्या आहेत. त्यांतील गिम्प ही छायाचित्रांवर काम करणारी प्रणाली कॅलिफोर्नियातील बर्कली येथील स्पेन्सर किमबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली जगापुढे आणली. इंकस्केप ही रेखाकृतींची प्रणाली २००३ साली सोडिपोडी नामक पूर्वजापासून फुटून निघाली. आणि क्रिता ही चित्रकारांसाठी आहे. मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पाने गिम्प आणि इंकस्केप यांचे पाठ भारतीय भाषांतून उपलब्ध करून दिल्यामुळे शिकण्याची अडचणही बरीच ओसरली आहे. राहता राहते ती एकच तक्रार, की ‘चांगले आहे, पण फार हळू चालते’. आणि फुकट मिळालेल्या वस्तूविषयी आपल्याकडे जी एक सहज तुच्छता असते ती या तक्रारीला लगेच येऊन मिळते.

प्रथम फलकाचाच हिशेब करू. दहा फूट उंच आणि वीस फूट रुंद असा फलक करावयाचा आहे, आणि कोणी तरी ‘तीनशे डीपीआय म्हणजे उत्तम’ असे ऐकून त्याच मापाने नवी फाईल उघडली. दहा फुटांचे १२० इंच, वीस फुटांचे २४०. प्रत्येक इंचात तीनशे ठिपके धरले तर एक बाजू ३६,००० आणि दुसरी ७२,००० ठिपक्यांची होते, आणि दोहोंचा गुणाकार २५९ कोटींच्या वर जातो. प्रत्येक ठिपक्याला तांबडा, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार बाइट लागतात. म्हणजे कोऱ्या पांढऱ्या पानालाच दहा जीबीहून अधिक स्मृती हवी, आणि दुकानातील यंत्रात एकंदर आठ जीबी असतात! तोच फलक ७२ डीपीआयने मांडला तर ठिपके पंधरा कोटींच्या आत येतात आणि भार सुमारे ६०० एमबीवर उतरतो. ३६ डीपीआयने मांडला तर दीडशेवर. तीनशेचे माप हातात धरून वाचावयाच्या लग्नपत्रिकेसाठी आहे. चौकातल्या विजेच्या खांबाला बांधलेला, मोटारसायकलवरून जाता जाता पाहिला जाणारा फलक त्या मापाने करण्यात कारागिरी नसून केवळ अपव्यय आहे. जाणते कारागीर हे ओळखून असतात, आणि कित्येक तर मूळ मापाच्या एकदशांश आकारात रचना करून छपाईच्या वेळी ती वाढवून घेतात.

दुसरे कलम छायाचित्रांचे. विद्यार्थी आपले छायाचित्र मोबाइलवरून पाठवतो. ते अस्सल स्वरूपात आले तर बहुधा चार हजार गुणिले तीन हजार, म्हणजे सव्वा कोटीच्या घरातील ठिपक्यांचे असते. फाईल म्हणून ते तीन-चार एमबीचे दिसते, आणि घात येथेच होतो. कारण ती संकुचित अवस्था असून पडद्यावर दाखविण्यासाठी उलगडले की प्रत्येक छायाचित्र ४८ एमबी जागा व्यापते. शंभर विद्यार्थी म्हणजे ४.८ जीबी. फलकावर मात्र प्रत्येक चेहऱ्याच्या वाट्याला एक फूट रुंदीची चौकट आलेली असते, जिला ७२ डीपीआयने ८६४ ठिपक्यांची रुंदी पुरते. छायाचित्रे चौकटीत बसविण्यापूर्वी त्या मापाची करून घेतली तर सारा भार बाराव्या हिश्श्यावर येतो आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याला तसूभरही फरक कळत नाही. इंकस्केपमध्ये आणखी एक मेख आहे. छायाचित्र आत घेताना ते फाईलमध्ये गाडावयाचे की नुसते जोडून ठेवावयाचे, असा प्रश्न ती प्रणाली विचारते. गाडले तर चित्राचे बाइट अक्षरांत रूपांतरित करून लिहावे लागतात, आणि त्या लेखनात ते एक-तृतीयांशाने फुगतात. जोडून ठेवलेले चित्र हलके असते, परंतु पेन ड्राइव्हवरून फाईल दुसरीकडे नेताना चित्रांचा फोल्डर मागे राहिला तर छापखान्यात रिकाम्या चौकटी दिसतात. जोडलेल्यावर काम करावे आणि छापखान्याला देण्याची प्रत तेवढी गाडून द्यावी, असा माझा अभिप्राय आहे.

स्मृती संपली म्हणजे नेमके काय होते, हे कळण्यासाठी निझामाच्या अमदानीपासून चालत आलेली एखादी तहसील कचेरी डोळ्यांपुढे आणावी. पेशकाराच्या समोर एक मेज असते, आणि मागच्या दालनात दप्तरखाना, जेथे कागद रुमालांत बांधून फळ्यांवर रचलेले असतात. मेजावर जे आहे ते हात लांबवताच मिळते; परंतु मेज भरले की एक रुमाल बांधून मागे पाठवावा लागतो, तेव्हा कोठे दुसरा आणून सोडता येतो, आणि काम असे निघाले की ज्यात पन्नास रुमाल आळीपाळीने लागतात, तर पेशकाराचा दिवस कागद वाचण्यात न जाता शिपायाची वाट पाहण्यात जातो. संगणकाची स्मृती म्हणजे हे मेज आणि डिस्क म्हणजे दप्तरखाना. गिम्प कोणतेही चित्र लहान लहान चौकोनी तुकड्यांत विभागून ठेवते, आणि नेमून दिलेली स्मृती भरली की न लागणारे तुकडे डिस्कवरच्या स्वॅप फाईलमध्ये रवाना करते. स्मृतीतून एक जिन्नस आणावयास सुमारे एक दशलक्षांश सेकंदाचा दहावा भाग लागतो. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कवरून आणावयास सेकंदाचा शंभरावा भाग. ऐकताना दोन्ही काळ क्षुद्र वाटतात, पण त्यांच्यातील अंतर एक लाख पटींचे आहे. जुन्या डिस्कऐवजी एसएसडी बसविली की यंत्रात प्राण आल्यासारखे वाटते ते याचमुळे. ती तेच काम साधारण शंभरपट लवकर करते. दुकानदाराने खर्च करावयाचा ठरविला तर तो आधी स्मृती वाढविण्यावर आणि मग एसएसडीवर करावा. भपकेदार ग्राफिक्स कार्डावर नव्हे. कारण गिम्पचे बहुतेक गणित मुख्य प्रोसेसरच करतो, आणि ते कार्डाकडून करवून घेण्याची सोय २.१० या आवृत्तीने प्रायोगिक सदरात नेऊन ठेवली होती.

मेज किती मोठे समजावे हे गिम्पला सांगता येते. प्रेफरन्सेसमधील सिस्टिम रिसोर्सेस या पानावर ‘टाइल कॅश साइझ’ नावाची नोंद असते. आठ जीबीच्या यंत्रात चार-पाच जीबी तिच्या नावे लिहावेत आणि उरलेले विंडोज किंवा लिनक्स आणि ब्राउझर यांच्यासाठी राखावेत. सारेच्या सारे गिम्पला बहाल करण्याचा मोह आवरावा, कारण मग संगणक स्वतःच दप्तरखान्याच्या वाऱ्या करू लागतो आणि दोन स्वॅप एकमेकांच्या पायांत येतात. त्याच पानावर पूर्ववत करण्यासाठी, म्हणजे अन्डूसाठी, राखावयाच्या स्मृतीची मर्यादा असते, आणि स्वॅपचा फोल्डर कोठे असावा ते फोल्डर्सच्या पानावर ठरते. तो एसएसडीवर असलेला बरा. यांहूनही उपयुक्त, आणि तरीही दुर्लक्षित, अशी सोय म्हणजे २.१० मध्ये आलेला डॅशबोर्ड. कॅश किती भरली, स्वॅप किती वापरला गेला, प्रोसेसर किती राबतो आहे, हे तो क्षणोक्षणी दाखवितो. स्वॅपचा आकडा चढत असेल तर अडचण स्मृतीची. स्वॅप शून्य आणि प्रोसेसर शंभर टक्के असेल तर अडचण गणिताची. एवढे कळले तरी अर्धे निदान झाले, आणि नको तेथे पैसे ओतणे थांबले.

गणिताच्या अडचणीचे उदाहरण म्हणून चेहऱ्यांमागे टाकावयाची ती मऊ, धूसर सावली घ्यावी, जिच्यावाचून आपल्याकडे एकही वाढदिवसाचा फलक पुरा होत नाही. धूसर करणे म्हणजे प्रत्येक ठिपक्याच्या जागी त्याच्या शेजाऱ्यांची भारित सरासरी लिहिणे. शेजार १०१ गुणिले १०१ ठिपक्यांचा धरला तर एका ठिपक्यासाठी १०,२०१ गुणाकार होतात, आणि चित्रात ठिपके तर कोट्यवधी. परंतु गाउसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या धूसरतेचा एक गुण असा की ती आधी आडवी आणि मग उभी, अशी दोन वेळा केली तरी उत्तर तेच येते. तसे केले की १०१ अधिक १०१, म्हणजे अवघे २०२ गुणाकार पुरतात आणि काम पन्नासपट हलके होते. त्याच्याही पुढची हिकमत अशी की मागल्या ठिपक्याचे उत्तर हाताशी धरून पुढल्याचे काढत जावे. मग शेजार दहाचा असो वा हजाराचा, खर्च जवळजवळ सारखाच राहतो. गिम्पच्या पोटातील गेगल या ग्रंथालयात या दोन्ही रीती आहेत, आणि धूसरतेच्या विस्ताराप्रमाणे त्यांतील एक आपोआप निवडली जाते. यंत्र तेच, वीज तीच, चित्र तेच, आणि तरीही मिनिटाचे काम सेकंदावर येते. प्रणालीची गती वाढविणे म्हणजे बहुतांशी असे कमी कष्टांचे गणित शोधणे होय.

या गेगलची कथा सांगण्याजोगी आहे. चित्रपटांसाठी संगणकीय दृश्ये करणारा ऱ्हिदम अँड ह्यूज नावाचा एक हॉलिवुडचा स्टुडिओ होता, ज्याच्या शाखा पुढे मुंबई आणि हैदराबाद येथेही निघाल्या. गिम्पला चित्रपटाच्या दर्जाचे रंग पेलता यावेत या हेतूने त्याच्या मंडळींनी २००० च्या सुमारास या ग्रंथालयाचा पाया घातला. ते गिम्पमध्ये प्रथम शिरले २००८ च्या २.६ आवृत्तीत, आणि गिम्पचे सारे अंतरंग त्याच्यावर बसले ते एप्रिल २०१८ मध्ये, २.१० आवृत्तीत. जुन्या पद्धतीत प्रत्येक रंगाला एक बाइट मिळत असे, नव्या पद्धतीत चारपर्यंत मिळू लागले. त्यामुळे रंगांची सूक्ष्मता वाढली, पण भारही वाढला. तीनशे डीपीआयने स्कॅन केलेले ए-फोर आकाराचे एक पान जुन्या मापाने ३५ एमबीचे होते, ते पूर्ण सूक्ष्मतेने उघडले तर १३९ एमबीचे होते. साहजिकच आरंभी काही कामांत नवे गिम्प जुन्याहून मंद ठरले आणि पुष्कळांनी नाके मुरडली. मला मात्र हा निर्णय योग्य वाटतो. पाया बदलताना घर काही दिवस गैरसोयीचे होणारच, आणि पुढच्या उपआवृत्त्यांनी एकेक अडथळा दूर केलाच. फलकाच्या कामाला ती सूक्ष्मता नको असते; म्हणून आलेले चित्र आपोआप वरच्या दर्जाला नेण्याचा पर्याय चालू नाही ना, एवढे तेवढे पाहून घ्यावे.

त्या अडथळ्यांपैकी एक तर नांदेडसाठीच दूर झाला की काय असे वाटावे असा आहे. नांदेडच्या दुकानात मराठी लग्नपत्रिका होते, हुजूर साहिबच्या उत्सवाचा गुरुमुखी मजकूर होतो, उर्दू मुशायऱ्याचे भित्तिपत्रक होते, आणि देगलूर-बिलोलीकडचा ग्राहक प्रसंगी तेलुगूही मागतो. परिणामी एकेका यंत्रात फाँटांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागते; त्यांत जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फाँटांची भर असतेच. पूर्वी गिम्प उघडताना हे सारे फाँट एकामागून एक तपासले जात आणि तोवर माणसाने नुसते पाहत बसावयाचे. जुलै २०१८ च्या २.१०.४ आवृत्तीपासून ही खानेसुमारी पार्श्वभूमीत चालू लागली. तरीसुद्धा वर्षानुवर्षे न वापरलेले फाँट काढून दुसरीकडे ठेवणे शहाणपणाचे, आणि त्यांच्या जागी ‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘मुक्ता’सारखे मुक्त परवान्याचे, युनिकोडचे मराठी फाँट ठेवणे अधिक शहाणपणाचे.

इंकस्केपचा मंदपणा निराळ्या जातीचा आहे. तेथे ठिपके साठविलेले नसतात. रेषांचे वर्णन साठविलेले असते, आणि प्रत्येक वेळी पडदा हलला की त्या वर्णनावरून चित्र नव्याने रंगवावे लागते. म्हणून तेथे खर्च वाढतो तो नोडच्या, म्हणजे रेषेला आकार देणाऱ्या बिंदूंच्या, संख्येने, पारदर्शक थरांनी आणि विशेषतः धूसरतेसारख्या फिल्टरांनी. एखाद्या संस्थेचे बोधचिन्ह छायाचित्रावरून ‘ट्रेस’ केले की साध्या वर्तुळाच्या ठायी हजारो नोड होतात. ‘सिम्प्लिफाय’ ही आज्ञा त्यांची छाटणी करते, आणि ती बेताने द्यावी, नाही तर बोधचिन्हातील सिंहाची आयाळ जाते. काम चालू असताना ‘डिस्प्ले मोड’मधून फिल्टर बंद ठेवावेत किंवा नुसत्या बाह्यरेषा पाहाव्यात; छापावयाच्या प्रतीवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. जुलै २०२३ च्या १.३ आवृत्तीपासून हे रंगविण्याचे काम प्रोसेसरच्या अनेक गाभ्यांत वाटले जाऊ लागले, तेव्हा जुनी आवृत्ती वापरणाऱ्याने आधी ती बदलावी. क्रिताने तर २०१५ साली याच प्रश्नासाठी लोकवर्गणी काढली, आणि पुढल्या वर्षीच्या ३.० आवृत्तीत असा उपाय आणला की मोठा ब्रश फिरविताच आधी चित्राच्या लहान प्रतीवर फटकारा उमटावा आणि मूळ मापावरचे काम मागाहून पुरे व्हावे. हात अडखळत नाही, आणि चित्रकाराला हवे असते ते एवढेच.

अनेक गाभे म्हणजे तितकीच पट गती, असे मात्र कोणी समजू नये. जीन अॅमडाल या अभियंत्याने १९६७ साली दाखवून दिलेला नियम असा की कामाचा जो भाग वाटता येत नाही तोच अखेर वेग ठरवितो. शंभरातले ऐंशी टक्के काम वाटण्याजोगे असेल तर चार गाभ्यांनी गती अडीचपट होते, सोळांनी चारपट, आणि अगणित गाभे लावले तरी पाचपटीच्या पलीकडे जात नाही. शिवाय आपल्याकडे ऊन आहे. मे महिन्यात नांदेडचा पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो, पत्र्याच्या दुकानात त्याहूनही वर. पंख्यात धूळ बसलेली असते, आणि प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. सकाळी चपळ असणारे यंत्र दुपारी तीनला सुस्तावत असेल तर प्रणाली बदलण्याआधी पंखा साफ करून पाहावा.

हे सर्व करूनही एखादी विशिष्ट क्रिया मंदच राहिली, तर दोष खरोखर प्रणालीत असू शकतो, आणि येथे मुक्तस्रोताचा खरा उपयोग सुरू होतो. बंद प्रणालीच्या मालकाकडे अर्ज करता येतो, दाद लागेलच असे नाही. येथे संहिताच उघडी आहे. लिनक्सवर ‘पर्फ’ किंवा ‘सिसप्रॉफ’ ही साधने लावली की प्रोसेसरचा वेळ कोणत्या कार्यात गेला याचा टक्केवारीने तक्ता मिळतो, आणि अनुभव असा आहे की तो तक्ता पाहण्यापूर्वी केलेला तर्क, मग तो कितीही विद्वान माणसाचा असो, वारंवार चुकतो. विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्थेसारख्या ठिकाणी शेवटच्या वर्षाला जे प्रकल्प नेमले जातात, त्यांत दरसाल नवी हजेरीपटाची प्रणाली लिहिण्यापेक्षा असा एखादा तक्ता काढून एका कार्याचा खर्च निम्म्यावर आणणे हे अधिक कसाचे काम ठरेल. दुकानदाराला एवढे जमणार नाही, पण रीतसर फिर्याद त्यालाही देता येते. गिम्प आणि इंकस्केप या दोहोंच्या विकासकांकडे दोषनोंदीची खुली वही आहे. तीत आवृत्तीचा क्रमांक, यंत्रातील स्मृती, कोणती क्रिया कोणत्या क्रमाने केली, किती सेकंद लागले आणि किती लागतील अशी अपेक्षा होती, हे लिहावे, आणि सोबत तो मंदपणा दिसेल अशी फाईल जोडावी. मात्र ती वही सारे जग वाचते. म्हणून लातूरच्या शंभर मुलामुलींचे चेहरे, नावे आणि गुण त्या फाईलमधून काढून त्यांच्या जागी तेवढ्याच मापाच्या करड्या चौकटी ठेवाव्यात, आणि चौकटी ठेवल्यावरही फाईल तितकीच मंद चालते आहे ना, हे पाठविण्यापूर्वी एकदा ताडून पाहावे.